पाठीतला ‘पू’ काढून देणाऱ्या टोळीपासून सांभाळा

माझ्या धाकट्या भावाला ॲन्किलोझिंग स्पॉन्डिलायटिस, म्हणजे मणक्याच्या सांध्यांना सूज येण्याचा आजार आहे. सकाळी पाठ आणि खुबे आखडलेले असतात, चाललं की मोकळे होतात. म्हणून तो ठाण्यात उपवन तलावावर फिरायला जातो. तिथेच एक जोडपं भेटलं. ट्रॅकसूट, गळ्यात नॅपकिन, बोलणं अगदी घरचं. “दादा, कंबर धरते ना? आमच्या सासऱ्यांचं अस्संच होतं, आता जिने चढतात.” नंबर दिला. पैशांचं नावही नाही.

मग घरी ‘वैद्य’ आले, सोबत एक पोरगा. भावाला पालथं झोपवून कमरेवर ब्लेडने बारीक चिरे मारले, तांब्याची नळी लावून तोंडाने ओढलं आणि आमच्याच स्टीलच्या वाटीत पिवळट गुठळी थुंकली. “हा बघा पू.” प्रत्येक ओढीला पोरगा वहीत रेघ मारत होता. पालथ्या माणसाला पाठीवर काय चाललंय ते दिसणार कसं? आणि आईचं सगळं लक्ष वाटीत. रेघा मोजल्यावर भाव कळला: एका रेघेचे ४ हजार, एकूण १ लाख २४ हजार. “अर्धवट ठेवलं तर अंगभर पसरेल,” म्हटल्यावर आईने यूपीआयने देऊन टाकले.

या आजारात पू होतच नाही. प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते आणि मणक्याच्या तळाचे सांधे सुजतात. ती सूज एमआरआयमध्ये दिसते, नळीत येत नाही. सांध्यात खरोखर पू झालाच तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठावं लागतं.

जाताना ते “इंजेक्शनं बंद करा, त्यानेच पू धरतो” असंही सांगून गेले, आणि माझ्या मते सगळ्यात मोठा गुन्हा हाच. भाऊ दर पंधरवड्याला या आजारावरचं अडालिमुमॅब नावाचं इंजेक्शन घेतो. ते थांबलं तसं त्याला मोजेही घालता येईनात. हे औषध प्रतिकारशक्ती दाबतं, म्हणून सुरू करण्याआधी टीबीची तपासणी करतात. अशा माणसाच्या पाठीवर कुठलं तरी ब्लेड!

पैसे ऑनलाइन गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा, पोलिसांत तक्रार द्या. फसवणुकीला भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आहे. घरी येणाऱ्या वैद्याला आधी नोंदणी क्रमांक विचारा. आयुर्वेदाच्या वैद्यांची नोंद महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे असते. त्या ब्लेडमधून रक्तातून पसरणारा संसर्ग झाला नाही ना, हे बघायला आमच्या डॉक्टरांनी इंजेक्शन पुन्हा सुरू करण्याआधी हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीच्या तपासण्या करायला लावल्या. काही आठवड्यांनी त्या परत करायच्या आहेत.