हेम्प लावायचा, पण धाग्यासाठी की बियांसाठी?

उत्तराखंडात परवाना घेऊन ०.३ टक्क्यांपर्यंत टीएचसी (नशा आणणारा घटक) असलेली भांग, म्हणजे हेम्प, लावता येते. धागा घ्यावा की बी, हे मात्र पेरणीआधीच ठरवा. एकाच शेतातून दोन्ही उत्तम मिळत नाहीत.

धाग्यासाठी दाट पेरा, हेक्टरी ५०-६० किलो. दाटीत रोप फांद्या न फोडता सरळ उंच जाते, तणही दबते. बियांसाठी २०-२५ किलो पुरे, पण सुरुवातीची खुरपणी चुकत नाही.

खरे नुकसान कापणीत होते. धाग्याचे पीक नरफुलांतून पराग झडू लागताच कापा. उशीर झाला की धागा राठ होतो. पुढे सालीतला धागा सुटावा म्हणून देठ कुजवणे हे सर्वांत नाजूक काम. कमी कुजले तर साल सुटत नाही, जास्त कुजले तर धागाच तुटतो. ओढ्यात कुजवू नका, पाणी नासते. बियांचे पीक साधारण ७० टक्के दाणे पिकल्यावर काढा. सगळे पिकेपर्यंत थांबलात तर दाणे गळतात, पाखरेही खातात. साठवताना ओलावा ८-९ टक्क्यांवर हवा, नाहीतर बुरशी धरते.

कुजवायला टाके, पुरेसे मजूर आणि धाग्याचा ठरलेला खरेदीदार असेल, तरच धागा. मोजक्या माणसांच्या शेतीला बियाच बऱ्या. उत्तराखंडातल्या कुमाऊं भागात भांगेच्या बियांची चटणी घरोघरी होते.