तोंडची वाफ दवडण्याआधी: छोट्या डिजिटल हायग्रोमीटरची पारख

पारा ७ अंशांच्या खाली गेला की तोंडातून वाफ दिसते, हा ठोकताळा सर्रास सांगितला जातो. तो चुकीचा नाही, अर्धा आहे. उरलेला अर्धा भाग हवेतल्या दमटपणाचा. म्हणून इथे पारख आहे ती तापमान आणि आर्द्रता असे दोन्ही आकडे दाखवणाऱ्या साध्या डिजिटल हायग्रोमीटरची. तळहातात मावणारी प्लास्टिकची डबी, मागे जाळीआड सेन्सर, आत एक-दोन सेल. हे यंत्र विकलं जातं ते खोलीतली हवा पाहायला. बाहेर पडल्यावर श्वास दिसेल की नाही हे त्यावरून आधी सांगता येतं का, एवढाच इथला प्रश्न.

उत्तर आधीच देऊन टाकू: १० ते २० अंशांच्या पट्ट्यात हे यंत्र खरोखर कामाचं आहे. त्याखाली साधा थर्मामीटर पुरतो, आणि २० च्या वर, हवा अगदी ओलीचिंब असल्याशिवाय, पाहण्यासारखं काही नसतं.

हे आकडे कुठून आले ते कळायला आधी श्वासाकडे बघावं लागतं. आपण जिला वाफ म्हणतो ती खरी वाफ नव्हेच. पाण्याचं बाष्प डोळ्यांना दिसत नाही. दिसतो तो बाष्प निवून झालेला बारीक थेंबांचा पुंजका, म्हणजे छोटासा ढग. तोंडातून निघणारी हवा साधारण ३४ अंशांची आणि जवळजवळ संपृक्त, म्हणजे मावेल तितक्या बाष्पाने भरलेली, ९५ टक्क्यांच्या आसपास असते. तिच्यातल्या बाष्पाचा दाब भरतो सुमारे ५० हेक्टोपास्कल (दाबाचं एकक). बाहेर ५ अंश आणि ५० टक्के आर्द्रता असेल तर तिथला बाष्पदाब जेमतेम ४.४. आता दोन्ही हवा निम्म्या-निम्म्या मिसळल्या असं धरा. तापमान येतं १९.५ अंश आणि बाष्पदाब २७.४. पण १९.५ अंशांना संपृक्तीचा दाब असतो २२.७ एवढाच. वरचं बाष्प जाणार कुठे? त्याचे थेंब होतात.

गंमत अशी की मिसळणाऱ्या दोन्ही हवांपैकी एकही संपृक्तीच्या पलीकडे नव्हती, मिश्रण मात्र गेलं. कारण संपृक्तीचा आलेख सरळ चढत नाही, वर जाताना तो अधिकाधिक उभा होत जातो. मिश्रणाची रेघ मात्र सरळ असते, त्यामुळे ती मधल्या भागात आलेखाच्या वर निघते. पुढे आणखी कोरडी हवा मिसळली की थेंब परत उडून जातात. म्हणूनच तो ढग तोंडापासून हातभर अंतरात विरतो.

हाच हिशेब, मिश्रणाचं प्रमाणही बदलत, वेगवेगळ्या तापमानांना केला की उंबरठे मिळतात. २० अंशांना थेंब व्हायला सुमारे ८९ टक्के आर्द्रता लागते. १५ अंशांना ६० टक्के पुरते, १२ अंशांना २७. १० अंशांच्या खाली हवा कितीही कोरडी असली तरी मिश्रण उंबरठा ओलांडतंच. हे आकडे थेंब होण्याचे आहेत. डोळ्यांना ठळक दिसायला त्याहून थोडी जास्त थंडी किंवा ओल हवी, आणि ७ अंशांचा ठोकताळा टिकून राहिला तो त्यामुळेच. पण १५ अंशांना ४० टक्के असताना काहीच दिसत नाही आणि ९० टक्के असताना चांगला ढग निघतो, हा फरक नुसता थर्मामीटर कधीच सांगणार नाही. इथेच हे यंत्र पैसे वसूल करतं.

आता खोट. खोक्यावर आर्द्रतेची अचूकता मोठ्या अक्षरात छापतात, बहुधा अधिक-उणे ३ टक्के. तापमानाची बारीक अक्षरात असते. खरेदी करताना आधी ती बारीक अक्षरं वाचावीत. १५ अंशांच्या आसपास तापमान एका अंशाने चुकलं तर उंबरठाच ८ ते १० टक्क्यांनी सरकतो. त्यापुढे आर्द्रतेतली ३ टक्क्यांची चूक किरकोळ. अधिक-उणे १ अंशवाला नमुना या कामासाठी सोडून द्यावा. अर्ध्या अंशाचा चालेल.

त्याहून मोठी चूक वापरणाऱ्याच्या हातून होते. डबी घरातून किंवा खिशातून काढायची आणि लगेच आकडा वाचायचा. आतला सेन्सर चपळ असतो, पण भोवतालचं प्लास्टिक आणि सेल निवायला २०-३० मिनिटं घेतात. समजा बाहेर खरोखर १५ अंश आणि ६५ टक्के आहे, म्हणजे ढग दिसायला हवा. डबी अजून एका अंशाने कोमट आहे. ती दाखवेल १६ अंश आणि सुमारे ६१ टक्के. १६ अंशांचा उंबरठा आहे ६८. निष्कर्ष निघाला, दिसणार नाही. आणि तोंड उघडताच ढग हजर. कोमट सेन्सर तापमान वाढवून आणि आर्द्रता घटवून दाखवतो, दोन्ही चुका एकाच बाजूला ओढतात. उपाय सोपा: सावलीत, भिंतीपासून दूर, दोरीला टांगून अर्धा तास ठेवा आणि हातात न धरता वाचा. वायरीच्या टोकाला वेगळा सेन्सर असलेला नमुना मिळाला तर हा त्रास निम्मा होतो.

आर्द्रतेचा आकडा तपासायला मिठासारखी स्वस्त प्रयोगशाळा नाही. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घ्या, त्यावर थेंब-थेंब पाणी टाका, ओल्या वाळूसारखं दिसेपर्यंतच. ते झाकण आणि यंत्र घट्ट झाकणाच्या डब्यात एकत्र ठेवून १२ तास एकाच तापमानाला राहू द्या. आकडा ७५ च्या जवळ यायला हवा. ७१ दाखवला तर ४ मिळवायचे, तसं पाठीमागे चिठ्ठीवर लिहून ठेवा. मीठ पूर्ण विरघळलं तर चाचणी फुकट, कारण संपृक्त द्रावण असेल तरच हवा ७५ वर थांबते. मिठाचं पाणी सेन्सरला लागू देऊ नये, हे वेगळं सांगायला नको.

काट्याच्या गोल हायग्रोमीटरविषयी फार लिहिण्यात अर्थ नाही. आतली गुंडाळी ओलीने सैल-घट्ट होते, १० टक्क्यांची चूक सहज पडते. भिंतीवर शोभतो.

दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचे थेंब होऊ लागतात तो आकडा, दाखवणारे नमुने थोडे महाग असतात. श्वासासाठी त्या आकड्याची गरज नाही. चष्म्यासाठी मात्र आहे. खोलीत २२ अंश आणि ५० टक्के असेल तर दवबिंदू सुमारे ११ अंश, म्हणजे बाहेरून आलेली काच ११ च्या वर तापेपर्यंत धूसर राहणार. चष्मा लावणाऱ्याने हा नमुना घ्यावा.

कडाक्याच्या थंडीत पडद्यावरचे आकडे मंदावतात आणि साधे अल्कलाइन सेल मान टाकतात, लिथियमचे तग धरतात. शून्याखाली आणखी एक गोम आहे. ही यंत्रं आर्द्रता पाण्याच्या हिशेबाने मोजतात, बर्फाच्या नाही. उणे १० अंशांना हवा बर्फाच्या दृष्टीने पूर्ण भरलेली असतानाही आकडा ९१ च्या आसपासच राहतो. यंत्र बिघडलं असं समजून परत करू नका.

अंदाज पडताळताना श्वास कसा सोडता यावरही बरंच ठरतं. तोंड मोठं उघडून ‘हा’ करा. ओठ मिटून ‘फू’ केलं तर झोत आजूबाजूची हवा झटकन ओढून घेतो, श्वास चटकन पातळ होतो आणि ढग फिका पडतो. नाकातून सोडलेला श्वास आधीच थोडा निवलेला असतो, कारण नाक त्यातली ऊब आणि ओल काही अंशी परत घेतं. समोर गडद पार्श्वभूमी हवी आणि उजेड ढगाच्या पलीकडून यायला हवा. आपल्या पाठीमागून उजेड घेऊन पांढऱ्या भिंतीसमोर पाहिलं तर असलेला ढगही हुकतो.

आणि हे सगळं यंत्रापासून दोन पावलं दूर. जाळीवर श्वास गेला की आकडा नव्वदीच्या पुढे उडी मारतो आणि खाली उतरायला कित्येक मिनिटं लावतो.