पी५.जेएसवर हलत्या चित्रांच्या चकत्या: काही महिने वापरल्यानंतर

लॉरेन मॅकार्थी यांनी २०१३ साली सुरू केलेली पी५.जेएस ही कोड लिहून ब्राउझरमध्ये चित्रं काढण्याची मोफत लायब्ररी (तयार कोडचा संच) मी घेतली ती फेनाकिस्टिस्कोपसाठी. बेल्जियमच्या जोसेफ प्लाटो यांनी १८३२ मध्ये शोधलेली ही चित्रांची चकती. कडेला खाचा, आत एकाच हालचालीचे टप्पे. आरशासमोर फिरवून खाचांतून पाहिलं की चित्रं हलू लागतात.

स्क्रीनवर खाचा लागतच नाहीत. चकतीवर १२ आकृत्या काढायच्या आणि दर फ्रेमला (स्क्रीनवर येणाऱ्या प्रत्येक नव्या चित्राला) ती बरोबर ३० अंश फिरवायची. प्रत्येक जागेवर पुढचा टप्पा येऊन बसतो, म्हणून चकती थांबलेली दिसते आणि आकृत्या जागच्या जागी उड्या मारतात. आता ३० अंश तसेच ठेवा आणि आकृत्या १३ करा: सगळी रांग फिरण्याच्या दिशेने हळूहळू सरकू लागते. ११ केल्या तर उलटी. हे गणित आधीच माहीत असूनही डोळा दरवेळी फसतो, आणि याच एका गोष्टीसाठी मी पी५ रोज उघडतो. वेग सेकंदाला १२ फ्रेम ठेवा. ६० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणाऱ्या, स्क्रीनला त्याने नीट भाग जातो, हालचाल अडखळत नाही.

जनरेटिव्ह भागात, म्हणजे आकृत्या नियमांवरून कोडनेच घडवताना, नुसतं रँडम (प्रत्येक वेळी कुठलाही आकडा) वापरलं तर आकृत्या थरथरतात. केन पर्लिन यांच्या पद्धतीचा नॉइज (हळूहळू बदलत जाणारे यादृच्छिक आकडे) वापरला की रेषा एखाद्या वेलीसारखी वळते. फक्त नॉइजच्या किमती वर्तुळावरून फिरून घ्यायच्या, म्हणजे शेवटचा टप्पा पहिल्याला बेमालूम जुळतो. सीडचा आकडा (ज्यावरून हे यादृच्छिक आकडे तयार होतात तो) लिहून ठेवा, नाहीतर आवडलेली चकती पुन्हा सापडणार नाही.

आकृत्या हजारोंच्या घरात गेल्या की माझा जुना लॅपटॉप रडतो. व्हिडिओ करून अपलोड केला तर कम्प्रेशनमध्ये बारीक रेषांचा चिखल होतो, त्यामुळे मी जीआयएफच पाठवतो. आणि कळकळीची विनंती: सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा लखलखणारं काही इशारा न देता शेअर करू नका, अपस्माराच्या काही रुग्णांना त्याने झटका येऊ शकतो.

कोडिंग अजिबात न येणाऱ्यांनीही सुरुवात करावी, वर्तुळ आणि फिरवणं एवढं जमलं तरी पहिली चकती होते. जमल्यावर प्रिंट काढून जाड पुठ्ठ्यावर चिकटवा, मागची बाजू काळी करा आणि खाचा अरुंद ठेवा. रुंद ठेवल्या की चित्र पुसट होतं.