डिकीतलं घुमट: कंपनीच्या स्टिरिओला सबवूफर जोडून दहा महिने

सबवूफर म्हणजे फक्त खालचे सूर वाजवणारा मोठा स्पीकर. तो जानेवारीत गाडीत बसवला, आता ऑक्टोबर संपत आला. मधे गोव्याचा अख्खा पावसाळा गेला, एक चवथ (गणेश चतुर्थी) गेली, बॅटरी एकदा पूर्ण बसली आणि घरात दोनदा "काढून टाक ते" असंही ऐकून झालं. म्हणून आता लिहितोय. बसवल्याच्या दुसऱ्या दिवशी लिहिलं असतं तर नुसतं कौतुकच झालं असतं.

गाडी साधी पेट्रोल हॅचबॅक, पाच वर्षांची. कंपनीचा टचस्क्रीन स्टिरिओ आणि चार दारांत चार स्पीकर. रोजचा रस्ता डिचोली ते पणजी, अस्नोडा-म्हापसा-पर्वरी मार्गे. पर्वरीत उड्डाणपुलाचं काम निघाल्यापासून तर घरापेक्षा गाडीतच जास्त राहतो की काय असं वाटतं. एवढा वेळ ऐकतो काय, तर नाट्यपदं, भजनं, तबल्याचे सोलो आणि आमच्या वाड्यावरच्या घुमट-आरत्यांची (घुमट या मातीच्या वाद्याच्या साथीने गायलेल्या आरत्यांची) ध्वनिमुद्रणं. दुखणं एकच होतं. तबला ऐकू यायचा, डग्गा नुसता असल्याची खबर यायची. आवाज वाढवला की दाराचं प्लास्टिक बोलायला लागायचं, डग्गा मात्र तिथेच.

खर्च आधी सांगतो, कारण पहिला प्रश्न तोच येतो. १० इंची सबवूफर ५,५०० रुपये, मोनो अँप (सबवूफरला ताकद देणारा एका चॅनलचा अँप्लिफायर) ७,०००, बॉक्स २,५००, वायरिंग किट २,८००, पुढच्या दोन दारांना डॅम्पिंग शीट (पत्र्याची थरथर दाबणारी) ३,५००, मजुरी २,०००. झाले २३,३००. शिवाय आधी घेतलेलं १,२०० रुपयांचं स्वस्त वायरिंग किट फेकावं लागलं, ते माझ्या अकलेच्या खात्यात. मॉडेलची नावं मुद्दाम देत नाही. या दहा महिन्यांत जे जे बिघडलं, ते यातल्या कुठल्याच डब्याच्या आत नव्हतं. सगळं डब्यांच्या बाहेर, वायरींत आणि नट-बोल्टांत.

अँप घेताना खोक्यावर मोठ्या अक्षरात १५०० वॉट लिहिलं होतं, माहितीपत्रकात बारीक अक्षरात ३०० वॉट आरएमएस, म्हणजे सलग देता येणारी ताकद. खरं कुठलं ते अँपच्या मागचा फ्यूज सांगतो. फ्यूज ३० अँपिअरचा. इंजिन चालू असताना गाडीत साधारण १३.८ व्होल्ट मिळतात, म्हणजे आत जाऊ शकतात ते जेमतेम ४१४ वॉट. आत ४१४ गेल्यावर बाहेर १५०० कुठून येणार? तेव्हा आरएमएसचाच आकडा धरायचा. माझा सबवूफर २५० वॉट आरएमएस, ४ ओमचा, म्हणून ३०० वॉटचा अँप पुरेसा होता.

कंपनीच्या स्टिरिओला मागे सबवूफरसाठी आरसीए आउटपुट (अँपला हलका सिग्नल देणारी जागा) सहसा नसतं, माझ्याही नव्हतं. मग एकतर स्पीकरचा सिग्नल अँपला चालेल एवढा हलका करणारा हाय-लो कन्व्हर्टर लावायचा, नाहीतर अँपच असा घ्यायचा की ज्याला हाय-लेव्हल इनपुट आहे, म्हणजे स्पीकरची वायरच थेट आत घेतो. मी दुसरा पर्याय घेतला. कंपनीची एकही वायर न कापता मधे बसणारा कपलर मिळतो, तो लावला. वॉरंटी चालू असलेल्या गाडीत वायर कापू देऊ नका, पुढे स्टिरिओ बिघडला तर सर्व्हिस सेंटर आधी तो कापच दाखवतं.

पहिल्या दुकानात बसवलं, ते का चुकलं ते सांगतो. दुकानाचं नाव नको. पोरगा हुशार होता पण घाईत. अँपला चालू-बंदचा इशारा देणारी रिमोट वायर असते, ती त्याने चावीवर चालणाऱ्या लाइनला न जोडता कायम चालू असलेल्या लाइनला जोडली. म्हणजे गाडी बंद, अँप चालू. गाणं नसतानाही अँप साधारण १ अँपिअर खात बसतो. शुक्रवारी संध्याकाळी लावलेली गाडी सोमवारी सकाळी चावी फिरवली तर नुसतं टक्. बॅटरी ३५ अँपिअर-अवरची, तास झाले साठ. हिशोब माझाच मला कळला, पण ऑफिसला कदंबाच्या बसने गेल्यावर.

दुसरी चूक जास्त वाईट होती. मुख्य फ्यूज त्याने सीटखाली, अँपजवळ लावला होता. म्हणजे बॅटरीपासून सीटपर्यंतच्या जाड वायरीला संरक्षणच नाही. बॉनेटमधून आत येताना ती कुठे पत्र्याला घासली तर सरळ आग. म्हापशाला एक जुने वायरमन आहेत, त्यांच्याकडे गाडी नेली तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला. "फ्यूज वायरी खातीर आसता, अँपा खातीर न्हय." फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत आणि वायर पत्र्यातून जाते तिथे रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारं कडं), एवढं झाल्याशिवाय त्यांनी अँपला हातच लावला नाही. जुनी वायर चाकूने तासून दाखवली. वरून तांब्याचा मुलामा, आत पांढरं ॲल्युमिनियम. तेवढ्याच जाडीत असल्या वायरीचा रोध शुद्ध तांब्यापेक्षा साधारण दीडपट. १,२०० रुपये तिथे गेले.

गेन म्हणजे येणारा सिग्नल अँपने किती वाढवायचा ते ठरवणारा स्क्रू, व्हॉल्यूम नव्हे, हे मी वाचलेलं होतं, तरी पहिले पंधरा दिवस गेनचा स्क्रू व्हॉल्यूमसारखाच फिरवला. शेवटी मल्टिमीटरने लावला. सबवूफरची वायर काढायची, स्टिरिओचे बेस-ट्रेबल शून्यावर, आवाज पाऊण भाग, ५० हर्ट्झचा टेस्ट टोन लावायचा आणि अँपच्या आउटपुटवर एसी व्होल्ट मोजायचे. सबवूफरचे २५० वॉट गुणिले ४ ओम, त्याचं वर्गमूळ ३१.६. तेवढे व्होल्ट आले की थांबायचं. साधा मल्टिमीटर इथे बरोबर आकडा देतो, कारण आपल्या घरची वीजही ५० हर्ट्झचीच. माझा स्क्रू एक तृतीयांशावरच थांबला. आधी मी तो पाऊणच्या पुढे ठेवून फिरत होतो, आणि आवाज फाटतो म्हणून सबवूफरला नावं ठेवत होतो.

आता बॉक्स. दुकानात सगळे पोर्टेड घ्या म्हणतात, म्हणजे पुढे भोक असलेला, कारण तो त्याच वॉटमध्ये जास्त घुमतो. गोव्यातल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. घुमट म्हणजे तेच. मातीचं मडकं, एका तोंडाला चामडं, दुसरं तोंड उघडं, आणि वाजवणारा डाव्या तळव्याने ते तोंड झाकत-उघडत आवाज फिरवतो. पोर्टेड बॉक्सचं भोकही तसंच आतली हवा घुमवतं, फक्त त्यावर कुणाचा तळवा नसतो. ते एकाच सुरावर ठरलेलं. त्या सुराच्या आसपासचं सगळं फुगतं, बाकीचं मागे राहतं. डग्ग्यावर मनगट घासून जो सूर खालून वर चढतो, तो पोर्टेडमध्ये मधेच एकदम मोठा होऊन पुन्हा लहान होतो. दुकानातच माझी पेन ड्राइव्ह लावून ऐकलं आणि बंद बॉक्स घेतला, सुमारे २० लिटरचा. धडाका कमी, पण डग्गा सरळ चढतो. ज्याला छातीत धक्काच हवाय त्याने पोर्टेड घ्यावा, माझा वाद नाही.

ट्यूनिंगचं खरं श्रेय मात्र आमच्या काकांना. चाळीस वर्षं चवथीला घुमट वाजवणारा माणूस. फेब्रुवारीत त्यांना अस्नोड्याला सोडायला निघालो होतो, त्यांनीच वाजवलेली आरती लावली. लो-पास फिल्टर, म्हणजे ठरवलेल्या आकड्याच्या खालचेच सूर सबवूफरला जाऊ देणारा, तेव्हा १२० हर्ट्झवर होता. काका जरा वेळ ऐकत राहिले, मग मागे वळून डिकीकडे बघितलं. म्हणाले, "मी मागे बसून वाजवतोय आणि पोरं पुढे गातायत. आणि शामेळ कुठे गेलं?" शामेळ म्हणजे घुमटाच्या साथीला वाजणारं दुसरं तालवाद्य. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. साधारण ८० हर्ट्झच्या खालचा आवाज कुठून येतो ते कानाला नीट कळत नाही, त्याच्या वरचा कळतो. फिल्टर १२० वर असल्याने आवाज डिकीतून येत होता, आणि त्याने शामेळावर पांघरूण घातलं होतं.

तिथेच रस्त्याकडेला गाडी लावून फिल्टर ८० वर आणला आणि फेजचा, म्हणजे सबवूफरची लाट उलटी करणारा, स्विच ० वरून १८० वर टाकून बघितला. स्विच टाकल्याबरोबर घुमट पुढे आलं, डॅशबोर्डच्या आसपास. आधी दारांचे स्पीकर आणि सबवूफर एकमेकांचा आवाज खात होते. काका काही बोलले नाहीत, मांडीवर बोटं चालू झाली. मी समजलो.

एक गोष्ट कंपनीच्या स्टिरिओची. बऱ्याच स्टिरिओंमध्ये आवाज वाढवला की खालचा बेस आपोआप कमी केला जातो, दारांतले स्वस्त स्पीकर फाटू नयेत म्हणून. माझ्यात आवाज १२ वर असला की डग्गा जड आणि २५ वर पातळ. शिवाय चालत्या गाडीत टायरचा आणि रस्त्याचा घरघराट नेमका खालचेच सूर झाकतो, चोर्ल्याच्या घाटात जुलैचा पाऊस टपावर पडत असेल तर विचारूच नका. म्हणून बेसचा वेगळा नॉब हाताशी हवाच. माझ्या नॉबवर नेलपॉलिशचे तीन ठिपके आहेत: उभी गाडी, हायवे आणि बाबा शेजारी बसलेले.

आणि एक अपेक्षा आधीच सोडा. केसरबाई केरकरांच्या जुन्या ७८ आरपीएमच्या ध्वनिमुद्रणात सबवूफरला फारसं कामच नाही. तिथे खालचे सूर मुळात फारसे टिपलेलेच नाहीत. सबवूफर जवळजवळ गप्प बसतो, आणि ते बरोबर आहे.

पावसाळा. जुलैच्या मध्यात डासासारखी कूं सुरू झाली, ॲक्सिलरेटर दाबला की चढायची. आठवड्याने तबल्याची तिहाई आली की अँपचा लाल दिवा लागून आवाज बंद, दोन-तीन सेकंदांनी परत. मला वाटलं अँप गेला. म्हापशाच्या वायरमनना फोन केला तर ते म्हणाले आधी अर्थिंग बघ. डिकीतला गालिचा उचलला, स्टेपनीच्या बाजूचा बोल्ट. रंग खरवडून वायर कसली होती, तिथे उघड्या पत्र्यावर नारिंगी गंज, हाताला पावडर लागत होती. गाणं लावून त्या वायरीचं टोक आणि बॅटरीची निगेटिव्ह यांच्यात मोजलं: ०.८ व्होल्ट. तिथे ०.१ च्या वर दिसलं तरी शंका घ्यावी. पॉलिश पेपरने पत्रा पांढरा केला, दातेरी वॉशर घातला, वायरीच्या टोकाला नवीन लग (बोल्टात अडकणारी कडी) दाबून बसवला, कसून झाल्यावर वरून ग्रीस आणि रंगाचा हात. आकडा ०.०५. कूं गेली, दिवा गेला. खर्च ६० रुपये. तेव्हाच बॅटरीजवळचा फ्यूज होल्डर उघडून बघितला, त्याचं तांबं हिरवं कळकलेलं. आता दर दोन महिन्यांनी दोन्ही ठिकाणं बघतो. आपल्याकडच्या हवेत रंग खरवडून उघडा सोडलेला पत्रा एक पावसाळा काढत नाही, हे बसवणाऱ्याला माहीत असायला हवं होतं.

बॉक्सचा एमडीएफही (दाबलेल्या लाकडी तंतूंचा बोर्ड) खालच्या कडेला पाणी प्यायला. ओल्या छत्र्या, चपला, सगळं डिकीतच. कड बोटभर फुगली. खाली रबराचे पाय लावले तेव्हा थांबलं. पुन्हा करेन तर प्लायचाच बॉक्स.

खडखड हा वेगळाच छळ. नंबर प्लेट, मागचा ट्रे, जॅक, सीटबेल्टचं बक्कल. नंबर प्लेटमागे फोमची दुहेरी टेप, जॅकला जुनं टॉवेल. दारांना डॅम्पिंग शीट लावल्यावर मात्र मी स्वतःवरच चिडलो, कारण निम्मा फरक तिथेच पडला. सबवूफरच्या आधी हे केलं असतं तर कदाचित ८ इंचीवरच भागलं असतं.

डिकीचं म्हणाल तर अर्धी गेली. नारळाचं पोतं आडवं बसत नाही. चवथीला माटोळीचं (गणपतीच्या वर फळं-पानं बांधतात त्या मांडवीचं) सामान आणायचं होतं, त्यामुळे बॉक्स काढावाच लागला. वायरीला कपलर लावून घेतलाय म्हणून दहा मिनिटांचं काम, नाहीतर घरात तिसऱ्यांदा ऐकावं लागलं असतं. ज्याला डिकी सोडायची नाही त्याने सीटखालचा ॲक्टिव्ह, म्हणजे अँप आतच असलेला, सबवूफर बघावा. माझ्या मित्राने ८ इंची लावलाय, रोजच्या ऐकण्याला छान. खोल सूर तेवढे उतरत नाहीत, आणि पावसात पायाखालचा गालिचा भिजला की त्याचा जीव वर-खाली होतो, कारण सगळं त्याच ओलीत.

शेजारणीची तक्रार खरी आहे: "तुझी गाडी वळणावर आली की आमच्या खिडकीला आधी कळतं." ५० हर्ट्झची लाट जवळजवळ ७ मीटर लांब असते, भिंतीला ती फारशी जुमानत नाही. काच बंद केली तरी बाहेर कळतं. रात्री १० नंतर नॉब शून्यावर, वाड्यात शिरताना दिवसाही निम्म्यावर. विम्याच्या नूतनीकरणाला हे सामान वेगळं नोंदवून घ्या, नाहीतर चोरी किंवा पाण्यात गेलं तर क्लेममध्ये धरत नाहीत.

पुढच्या दारांचे स्पीकर अजून कंपनीचेच आहेत. दिवाळीचा बोनस हातात आला की तेच बदलणार, पण त्याआधी बॉक्सच्या फुगलेल्या कडेला रंग मारायचा राहिलाय. चार दिवस सलग ऊन पडू दे.