नाइटियाची पाटी घेताना आधी पोट बघा

ऑनलाइन जीवाश्म विकणाऱ्यांकडे दगडाच्या पाटीवर सगळ्यात सहज मिळणारा अख्खा मासा म्हणजे नाइटिया. अमेरिकेत वायोमिंग राज्यातल्या केमरर गावाजवळच्या खाणींतून तो निघतो. खडक ग्रीन रिव्हर थरांतला, म्हणजे एका प्राचीन तळ्याच्या तळाशी साचलेला, पातळ पापुद्र्यांचा चुनखडक. वय सुमारे ५.२ कोटी वर्षं. मासे इतके निघतात की मुळापासून बनावट करण्यात विक्रेत्याला फारसा फायदा नाही. रंगवलेला, तुटक्या जागा भरलेला माल मात्र भरपूर आहे. त्यामुळे इथे मासा खरा की खोटा यापेक्षा तो किती खरा, हे बघावं लागतं.

ते कळण्याची जागा पोटाखाली आहे. तारली साफ करताना शेपटीकडून डोक्याकडे बोट फिरवलं की करवतीसारखं काहीतरी अडतं, ते टणक, टोकदार खवले. नाइटिया याच हेरिंग-तारलीच्या गोतावळ्यातला. त्याच्या पोटाला ती करवत आहेच, शिवाय डोक्यामागून पाठीच्या परापर्यंत दुसरी रांगही आहे. पुढे शिकागोच्या फील्ड म्युझियममध्ये नावारूपाला आलेले जीवाश्म-माशांचे अभ्यासक लान्स ग्रांडे यांनी १९८२ साली नाइटिया आणि त्याच तळ्यातला दुसरा मासा डिप्लोमिस्टस, दोन्ही नव्याने तपासले. डिप्लोमिस्टसलाही दुहेरी चिलखत आहे, पण पाठीवरच्या खवल्यांची मागची कड कंगव्यासारखी दातेरी. ग्रांडेंनी त्याला वेगळ्या गटात बसवलं. मिलिमीटरभराच्या या खवल्यांवर नातं ठरतं, आणि घाईच्या सफाईत पहिले तेच उडतात. विक्रेत्याला चिंता डोळ्याची आणि शेपटीची, कारण फोटोत तेच दिसतं.

माल मुख्यतः दोन थरांतून येतो. 'अठरा इंची' थरातल्या माशाची हाडं गडद, चॉकलेटी. खाणीत मासा दगडाच्या पातळ पापुद्र्याखाली उंचवट्यासारखा असतो, तो तिरप्या उजेडात हेरतात आणि मग सुईने किंवा हवेवर चालणाऱ्या बारीक छिन्नीने मोकळा करतात. वेळखाऊ काम, पण हाडं जागच्या जागी राहतात. दुसऱ्या थरात दगड माशातूनच दुभंगतो. थोडी हाडं एका फळीला, थोडी दुसरीला. रंग फिका, किंमत कमी, आणि उरलेल्या जागा ब्रशने भरण्याचा मोह मोठा.

पैसे देण्याआधी तीन फोटो मागा: तिरप्या उजेडातला, मागच्या बाजूचा आणि कडेचा. समोरून फ्लॅश मारलेल्या फोटोवरून काहीही ठरत नाही. तिरप्या उजेडात हाडाला किंचित उठाव आणि सावली हवी. सपाट तपकिरी रेघ हा रंग समजा. पाटी हातात आल्यावर १० पट भिंगाखाली बघा. खऱ्या फासळ्या मध्येच तुटतात, सरकतात. रंगवलेल्या एकसारख्या जाडीच्या असतात आणि दगडाच्या कणांवरून बेधडक ओलांडून जातात. ३६५ नॅनोमीटरचा यूव्ही टॉर्च अंधारात मारला तर गोंद आणि भरण बऱ्याचदा आजूबाजूच्या दगडापेक्षा वेगळं चमकतं. अॅसिटोनचा बोळा माशावर फिरवू नका: रंगाबरोबर हाडं धरून ठेवणारं लेपनही विरघळतं.

अनेक मासे असलेल्या पाट्यांवर जास्त संशय घ्या. थवा एकाच वेळी मेल्याच्या खऱ्या पाट्या आहेत, पण रिकाम्या जागी दुसरीकडचा मासा बसवण्याची युक्तीही जुनीच. माशाभोवती पुसट चौकोनी रेघ दिसली किंवा तेवढ्याच भागात दगडाचा पोत बदलला तर ती जोडणी. तडा जाऊन चिकटवलेली पाटी मात्र नाकारू नका. ते तर नेहमीचंच आहे, फक्त विक्रेत्याने सांगितलेलं असावं.

नावातही गफलत होते. नाइटिया बहुतेक १५ सेंटीमीटरच्या आत, मोठ्यात मोठा २५. तोंड वर वळलेलं आणि पोटामागचा पर लांबलचक, जवळजवळ शेपटीपर्यंत गेलेला असेल तर तो लहान डिप्लोमिस्टस. तोटा काही नाही, पण लेबल चुकीचं. लेबलवर थर आणि खाण खासगी जमिनीवरची आहे का, हे असलेलं बरं. शेजारच्या फॉसिल ब्यूट राष्ट्रीय स्मारकातून काहीही उचलायला मनाई आहे.

घरी आल्यावर कोरडा मऊ ब्रश पुरे. ओल्या फडक्याने पुसलं की पाणी पापुद्र्यांत शिरतं आणि कडा सुटू लागतात. व्हिनेगर किंवा लिंबू तर अजिबात नको; चुनखडक फसफसून झिजतो. पापुद्रा सुटलाच तर पॅरालॉइड बी-७२ (संग्रहालयांत वापरतात तो, पुन्हा विरघळवता येणारा अॅक्रिलिक गोंद) याचं अॅसिटोनमधलं ५ टक्के द्रावण बारीक ब्रशने फक्त कडेला द्या. फेव्हिकॉल नको, तो नंतर निघता निघत नाही.

एकूण मत: अठरा इंची थरातला, १० सेंटीमीटरच्या आसपासचा एकच मासा, पोटाखालची रांग भिंगाने मोजता येईल असा, शेपटीचं टोक तुटलेलं असलं तरी चालेल. निर्दोष दिसणाऱ्या स्वस्त पाटीपेक्षा हाच घ्यावा. मागे चिकटवलेल्या हुकावर भरवसा न ठेवता स्टँडवर ठेवा. बऱ्याचदा हुक दगडाच्या फक्त वरच्या पापुद्र्याला धरून असतो.