टेस्टडिस्क आठ महिने वापरून: फाईल नावासकट मिळाली तरच मिळाली म्हणायची

माझं कऱ्हाडात पत्रिका आणि फ्लेक्सचं छोटं दुकान आहे, कॉम्प्युटरचं शिक्षण वगैरे काही नाही, कोरल आणि श्रीलिपी (डिझाईनचं आणि मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर) एवढंच आपलं जग. त्यामुळे टेस्टडिस्क या गेलेला डेटा परत काढायच्या सॉफ्टवेअरबद्दल जे लिहितोय ते त्या हिशोबाने वाचा.

तुळशीचं लग्न झालं, सराईच्या ऑर्डरी सुरू होणार आणि नेमकी त्याच आठवड्यात दुकानातली १ टीबीची एक्स्टर्नल हार्ड डिस्क गेली. गेली म्हणजे काय, फोल्डर कॉपी होत होता, लाईट गेली, यूपीएसची बॅटरी मेलेलीच होती (बदलू बदलू म्हणत दोन वर्षं काढली) आणि लाईट आल्यावर विंडोज म्हणतंय, ई ड्राइव्ह वापरायचा तर आधी फॉरमॅट करा. आत नऊ वर्षांच्या पत्रिका. मी कॅन्सल दाबलं, हात थरथरत होता खरं सांगतो.

शेजारचा मोबाईलवाला म्हणाला चेकडिस्क (विंडोजचंच डिस्क दुरुस्तीचं टूल) मार, मारली. विंडोज म्हणालं हा ड्राइव्ह रॉ आहे (म्हणजे आतली फाईलींची मांडणी त्याला ओळखू येत नाही), रॉवर चेकडिस्क चालत नाही. तेव्हा वाईट वाटलं होतं, आता वाटतं नशीब, कारण चेकडिस्क चालली असती तर दुरुस्तीच्या नावाखाली काय काय उलटंपालटं केलं असतं देव जाणे. ती तुटलेल्या तुकड्यांना स्वतःच नंबर देऊन वेगळ्या फोल्डरात टाकते, नाव गायब. रिकव्हरीवाल्याकडे गेलो तर बघायचेच १५०० आणि काम झालं तर पंधरा हजार, गॅरंटी नाही. घरी आलो.

मग मेव्हण्याने टेस्टडिस्क सांगितलं. ख्रिस्तोफ ग्रेनिए नावाच्या माणसाने बनवलेलं, पूर्ण फुकट, सोबत फोटोरेक नावाचं भावंडही येतं. उघडलं की काळी स्क्रीन, माऊस चालत नाही, बाणाची बटणं आणि एन्टर. पहिल्यांदा बघून बंदच केलं होतं.

पण मेव्हण्याने एक गोष्ट बजावली होती, आधी डिस्कची सरळ कॉपी काढ, जे काय करायचं ते कॉपीवर कर, मूळ डिस्कवर एक अक्षर लिहायचं नाही. म्हणून आधी क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये तब्येत बघितली, तिथे पिवळा सिग्नल, पेंडिंग सेक्टर (सेक्टर म्हणजे डिस्कवरचे छोटे छोटे तुकडे, त्यातले नीट वाचता न येणारे) काही निघाले. म्हणजे नुसतं पार्टिशन (डिस्कवर पाडलेला कप्पा) बिघडलेलं नाही, डिस्कलाही थोडं लागलेलं. सहा हजाराच्या आसपास जाऊन २ टीबीची नवीन डिस्क आणली (फुकटच्या सॉफ्टवेअरचा खरा खर्च हा), पेन ड्राइव्हवर सिस्टमरेस्क्यू नावाचं लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी सिस्टम) टाकलं आणि त्यातून डीडीरेस्क्यू, म्हणजे खराब डिस्कची कॉपी काढणारं टूल, लावलं. यात कुठून कुठे कॉपी करायची ते आपणच टाईप करायचं, आधी मूळ डिस्क मग नवीन, उलटं झालं की संपलं सगळं. मी साईज बघून चार वेळा खात्री केली, बायकोला पण वाचायला लावलं.

दुकानातलं मशीन जुनं, यूएसबी २ वालं, सेकंदाला ३० एमबीच्या आसपास स्पीड म्हणजे १ टीबीला नऊ-साडेनऊ तास धरा. रात्री नऊला लावलं आणि पहाटे तीनला परत लाईट गेली. मी डोक्यालाच हात लावला. पण डीडीरेस्क्यू कुठपर्यंत वाचलं, कुठे अडकलं ते एका मॅपफाईलमध्ये लिहून ठेवतं, तीच कमांड परत दिली की तिथूनच पुढे चालू. फक्त ती मॅपफाईल नवीन डिस्कवर ठेवायची, कारण पेन ड्राइव्हवरचं लिनक्स रॅममध्ये चालतं, लाईट गेली की त्यातलं सगळं पुसलं जातं. मी ती योगायोगाने बरोबर जागी ठेवली होती. दुसरं म्हणजे ते आधी सोप्पं सोप्पं वाचून घेतं, खराब जागेवर डोकं आपटत बसत नाही, तिथे नंतर परत येतं. दुपारपर्यंत झालं, शेवटी काही केबी वाचता आले नाहीत, तेवढंच.

आता टेस्टडिस्क. इमेज फाईल, म्हणजे डीडीरेस्क्यूने काढलेली ती कॉपी, दिली की ती डिस्कसारखीच उघडते. अॅडव्हान्स्डमध्ये बूटवर गेलो तर दोन ओळी: बूट सेक्टर बॅड, बॅकअप बूट सेक्टर ओके. मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की एनटीएफएस (विंडोजची डिस्कवर फाईली मांडायची पद्धत) आपल्या पहिल्या सेक्टरची एक नक्कल पार्टिशनच्या अगदी शेवटच्या सेक्टरला ठेवतं. म्हणजे ६४० जीबी डेटा जागेवरच होता, फक्त दारावरची पाटी पुसली होती आणि दुसरी पाटी मागच्या भिंतीला लटकत होती. बॅकअप बीएस निवडलं, वायने हो म्हटलं, लिस्टवर गेलो आणि फोल्डर दिसले. नावासकट. पत्रिका २०१६, पत्रिका २०१७, फायनल, फायनल२, फायनल खरी. मी एवढ्या मोठ्याने ओरडलो की बायको धावत आली.

कॉपी करताना एक घोळ केला. ए दाबून सगळं निवडलं आणि स्मॉल सी दाबला, त्याने ज्याच्यावर कर्सर होता तेवढा एकच फोल्डर कॉपी झाला. निवडलेलं सगळं पाहिजे तर कॅपिटल सी. खाली लिहिलेलं असतं पण वाचतो कोण.

त्यानंतर आठ महिन्यांत गावात नाव झालं, आता लोक डिस्क घेऊनच येतात. कॉलेजच्या एका पोराने विंडोजचा पेन ड्राइव्ह बनवताना डिस्कपार्टमध्ये (विंडोजचं डिस्कवर कप्पे पाडायचं टूल) चुकीच्या डिस्कचा नंबर निवडून क्लीन, म्हणजे पुसायची कमांड, मारलेलं, वडिलांची सगळी शेतीची कागदपत्रं त्याच डिस्कवर. साधं क्लीन फक्त डिस्कच्या दोन टोकांची माहिती पुसतं, आणि हल्लीची पार्टिशन बहुतेक २०४८ व्या सेक्टरपासून म्हणजे १ एमबी सोडून सुरू होतात, त्यामुळे आतला माल शाबूत. क्विक सर्चला पाच मिनिटात दोन्ही पार्टिशन हिरवी दिसली, पी दाबून आतली फाईल नावं बघितली, मग राईट (म्हणजे सापडलेली पार्टिशनं डिस्कवर परत लिहायची), रीबूट, काम झालं. (क्लीन ऑल मारलं असतं तर सगळीकडे शून्य लिहिलं जातं, मग ब्रह्मदेव आला तरी नाही.) पी दाबून नावं दिसल्याशिवाय राईट मी कधीच करत नाही. डीपर सर्चमध्ये जुनी, कधीकाळी पुसलेली पार्टिशनं पण वर येतात, एकमेकांवर चढलेली, ती चुकून निवडली तर आहे त्याचंही वाटोळं. आणि अनडू नावाची चीज इथे नाही, ही माझी सगळ्यात मोठी तक्रार.

फोटोरेकबद्दल मात्र मन थोडं कडूच आहे. ते पार्टिशन बघतच नाही, थेट सेक्टर चाळून फाईलची सुरुवात ओळखतं, ४८० च्या वर प्रकार ओळखतं म्हणतात. एका फोटोग्राफर मित्राचं कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट झालेलं, त्यातून सहा हजारावर फोटो काढून दिले. पण नाव एकाचंही नाही, नुसते एफ आणि पुढे आकडे, पाचशे-पाचशेचे फोल्डर, हळद कुठली साखरपुडा कुठला काही पत्ता नाही. फोटोत आतच तारीख असते म्हणून एक्झिफटूलने लावता तरी आले, व्हिडिओ तुकड्यात पडलेले होते ते बरेच चालले नाहीत. माझ्या पत्रिका अशा मिळाल्या असत्या तर एकेक उघडून वधू कोण वर कोण वाचत बसलो असतो. फाईल ऑप्टमध्ये जाऊन लागतील तेवढेच प्रकार टिक करा, नाहीतर ब्राउझरची चिल्लर चित्रं पण हजारांनी निघतात.

दोन वेळा हात टेकले. एक एसएसडी होती, फॉरमॅट होऊन दोन दिवस झालेले, ट्रिमने (एसएसडी पुसलेली जागा आपणहून रिकामी करते ते) सगळं साफ. दुसरी डिस्क टकटक आवाज करत होती, ती मी चालूच ठेवली नाही, हेड (आतली वाचणारी सुई) गेलेलं असेल तर सॉफ्टवेअर लावून प्लेट खरवडून घेण्यातला प्रकार. पुण्याला पाठवा म्हणालो. त्यांना राग आला, एकदा लावून तरी बघ की म्हणे, पण नाही म्हणजे नाही.

माझी जुनी डिस्क अजून ड्रॉवरमध्येच आहे, वर पांढरी पट्टी चिकटवून लिहिलंय, हात लावू नये. मे महिन्यात एक काका आले, धाकट्याचं लग्न, थोरल्याची होती तशीच पत्रिका पाहिजे म्हणाले. थोरल्याचं नाव सर्चला टाकलं, फाईल दोन सेकंदात समोर. उघडली तर सगळा मजकूर चौकोन चौकोन, कारण तो जुना फॉन्ट मी नवीन मशीनवर टाकलाच नव्हता. काका स्क्रीनकडे बघत म्हणाले, हे काय तेलुगूत छापलं होतं का रे?