साप चावल्यावर गाडी कुठं वळवायची? औषध एक, साप चार

दिवाळी नुकतीच झाली होती. हरभऱ्याला पाणी द्यायचं होतं आणि आमच्या डीपीची थ्री फेज लाईट त्या आठवड्यात रात्रीची होती. माझा चुलतभाऊ आखाड्यावर दारं धरत होता, तिथंच बांधाच्या गवतात त्याला पान लागलं, म्हणजे साप चावला. जिंतूर तालुक्यातलं आमचं गाव. गाडी दहा मिनिटांत दारात आली, पण ती कुठं वळवायची या वादात आणखी दहा मिनिटं गेली. म्हातारे म्हणाले, मारुतीच्या पारावर न्या. कुणी म्हणालं, बाजारातल्या डॉक्टरकडं. एकजण थेट परभणी म्हणाला, दुसऱ्यानं नांदेड काढलं.

माझं कृषी सेवा केंद्र आहे. पेरणीपासून काढणीपर्यंत काउंटरवर हा विषय निघतोच, म्हणून हे लिहून ठेवतोय. ज्याला ठरवायचंय त्यानं आजच ठरवावं. रात्री दीडला पाच जणांची पाच मतं ऐकत बसायची वेळ येऊ नये.

आधी औषधाबद्दल. दवाखान्यात त्याला ‘एएसव्ही’ (अँटी स्नेक व्हेनम) म्हणतात. घोड्याला सापाचं विष थोडं थोडं टोचत जातात, त्याच्या रक्तात प्रतिद्रव्यं तयार होतात, तीच शुद्ध करून कुपीत भरतात. आपल्याकडची कुपी नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर चालते. त्यामुळं साप ओळखला नाही म्हणून उपचार अडत नाही, आणि मेलेला साप पिशवीत घालून न्यायची गरज नाही. (मेलेल्या सापाचं तोंडही विष सोडू शकतं.) हिशेब मात्र समजून घ्या. एक मिली औषध घोणशीचं किंवा नागाचं ०.६ मिलिग्रॅम विष मारतं, मण्यार आणि फुरशाचं ०.४५. घोणस एका चाव्यात सरासरी ६३ मिलिग्रॅमच्या आसपास विष सोडते. म्हणजे साधारण १०० मिली औषध लागलं, आणि कुपी असते १० मिलीची. विषबाधेची लक्षणं दिसली की दहा कुप्यांपासून सुरुवात करतात ती यामुळं. लेकराला डोस कमी नसतो, कारण चावताना साप वय बघत नाही.

आणि मर्यादा. हे औषध रक्तात फिरणारं विष पकडतं. विषानं जे आधीच नासवलं, ते परत आणत नाही. साप बदलला की या एका वाक्याचा अर्थ बदलतो.

घोणशीवर (काही गावांत परड म्हणतात) औषधाची करामत डोळ्यांनी दिसते. भावाच्या वेळी मी पाहिली. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी दोन मिली रक्त काढून काचेच्या कोरड्या नळीत घातलं, नळी टेबलावर उभी ठेवली आणि मोबाईलवर वीस मिनिटांचा गजर लावला. नळीला हात लावू देईनात. गजर वाजल्यावर त्यांनी ती आडवी केली, तर रक्त पाण्यासारखं वाहिलं. निरोगी माणसाचं एवढ्या वेळात दह्यासारखं धरतं. मग सिस्टर आणि डॉक्टर दोघंही कुप्या घेऊन बसले. आत पांढरी भुकटी असते. तिच्यात पाणी सोडून कुपी तळहातात हळूहळू फिरवायची. हलवली की फेस होतो. दहा कुप्या विरघळवायला वेळ लागतो, आणि तो बघत बसणं सोपं नाही. पुढची तपासणी सहा तासांनी, कारण रक्त गोठवणारे घटक यकृताला पुन्हा तयार करायला तेवढा अवधी लागतो. भावाचं रक्त तेव्हाही धरलं नव्हतं. आणखी दहा कुप्या दिल्या, आणि त्यानंतरच्या तपासणीत नळीतला गोळा हलला नाही. घोणशीचा दुसरा घाव मात्र मूत्रपिंडावर असतो. तिथं इजा होऊन गेली असेल तर कितीही कुप्या ओता, डायलिसिसच लागतं. म्हणून लघवी किती होते, रंग कसा आहे, यावर डॉक्टर बारीक नजर ठेवतात.

मण्यारीचं गणित उलटं आहे, आणि मला भीती वाटते ती तिचीच. ती रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दुखत नाही, सूज नाही, कधी कधी दाताची खूणसुद्धा सापडत नाही. पहाटे पोट दुखतं, घरचे अजीर्ण म्हणून ओवा देतात, आणि तासाभरात पापण्या खाली येतात. तिचं विष नसांच्या टोकांवरच घाव घालतं. टोक खराब झालं की औषध ते दुरुस्त करत नाही, नस आपली आपण सावरेपर्यंत दिवस जातात. तोवर श्वास मशीननं द्यायचा. लवकर दिलेलं औषध पुढचं नुकसान रोखतं, पण जीव वाचतो तो बहुतेक वेळा व्हेंटिलेटरवर. कुप्या दिल्या तरी पापणी उचलली नाही, म्हणून औषध बनावट होतं असं म्हणणारे मला भेटलेत. बनावट नव्हतं, चावा मण्यारीचा होता.

नागाचं विष मज्जासंस्थेवरच जातं, पण वेगळ्या जागी पकड घेतं. तिथं एएसव्हीच्या जोडीला निओस्टिग्मिन आणि ॲट्रोपिन दिलं की पापण्या उघडायला मदत होते. मण्यारीत त्याचा फारसा भरवसा नाही. नागाच्या चाव्याभोवतीची कातडी काळी पडून सडते, ती या औषधानं परत येत नाही; जखमेत टोचूनही उपयोग नाही, ते शिरेतूनच जावं लागतं. फुरसं कोकणातलं म्हणतात, पण आपल्या माळावरही दगडाखाली असतं. त्याचा घोळ घोणशीसारखाच, रक्ताचा.

आता गाडीची दिशा.

पार आणि भगत यांना मी एका कारणासाठी तुलनेत घेतोय: लोकांचा अनुभव खरा असतो. भगताकडं नेलेले कितीतरी जण बरे होतात. पण त्यांतल्या अनेकांना धामण, दिवड किंवा कवड्या चावलेला असतो (कवड्याला तर मण्यार समजून मारतात), आणि विषारी सापाचा चावासुद्धा कधी कोरडा जातो, विष सुटतच नाही. उरलेल्यांचं काय होतं ते पारावर कुणी मोजत नाही. लिंबाचा पाला चारून कडू लागतोय का बघायची रीतही तशीच. मण्यार चावलेल्यालाही तो कडूच लागेल.

बाजारातला खासगी दवाखाना. माझ्या एका गिऱ्हाइकाच्या बायकोला तिथं धनुर्वाताचं इंजेक्शन देऊन, तासभर सलाईन लावून ‘मोठ्या गावी न्या’ म्हणून सोडलं होतं. डॉक्टरची भीती पोकळ नाही: घोड्याच्या प्रथिनांची काहींना जोरदार ॲलर्जी येते, अंगावर गांधी उठतात, रक्तदाब कोसळतो. त्यासाठी ॲड्रेनालिन हाताशी हवं आणि जवळ बसणारा माणूस हवा. ही तयारी नसेल तर त्यांनी दारातच तसं सांगावं. शिवाय तिथं कुप्या विकत घ्याव्या लागतात आणि दहांचं बिल काही हजारांत जातं. सरकारी दवाखान्यात त्या मोफत मिळतात.

प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय हा माझा पहिला कौल, एका अटीवर: कुप्या आणि डॉक्टर दोन्ही त्या रात्री तिथं आहेत हे माहीत हवं. वीस मिनिटांची नळी, पहिल्या दहा कुप्या, ॲलर्जीवरचं इंजेक्शन, एवढं तिथं होऊ शकतं. पहिला डोस लागला की पुढचा प्रवास निराळा होतो. किनवटचा विचार करा: तिथून नांदेड सव्वाशे किलोमीटरच्या वर आहे. घोणस चावलेल्याला किनवटच्या उपजिल्हा रुग्णालयावरून तसंच पुढं काढणं म्हणजे अडीच-तीन तास विषाला मोकळं रान.

नांदेडला विष्णुपुरी, संभाजीनगरला घाटी, अंबाजोगाईचं आणि लातूरचं वैद्यकीय महाविद्यालय. व्हेंटिलेटर, डायलिसिस, रक्तघटक हवेत तर ते इथं. यांतलं एखादं अर्ध्या तासावर असेल तर सरळ तिथंच जा. लांब असेल तर वाटेत पहिला डोस घ्या. पण पापण्या जड होत असतील, बोलणं बोबडं होत असेल, गिळता येत नसेल, तर पहिल्या ठिकाणी डोस सुरू होतानाच १०८ बोलवा आणि श्वास देता येईल अशी सोय असलेली गाडी मागा. जीपमध्ये श्वास थांबला तर कुपीचा काही उपयोग नाही.

आपल्या सापांना ही कुपी पुरती लागू पडते का, असा प्रश्न जाणते लोक विचारतात, आणि तो रास्त आहे. बहुतेक कंपन्या विष घेतात ते तमिळनाडूतल्या इरुळा समाजाच्या सहकारी संस्थेकडून. सापाचं विष मात्र प्रदेशाप्रमाणं बदलतं, हे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या कामातूनही पुढं आलंय. म्हणून कुणाला कुप्या जास्त लागतात. औषध कमी-जास्त लागू पडेल, पण त्याच्या जागी ठेवायला दुसरं काही आपल्याकडं नाही. विंचवावर मात्र ही कुपी घेऊ नका. तिथलं औषध प्राझोसिन, आणि ते जगाला दाखवलं ते आपल्याच जालना जिल्ह्यात जन्मलेल्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी, महाडला बसून.

निघताना करायचं थोडकंच. जोडवी, अंगठी, पैंजण काढा, सूज आल्यावर ती निघत नाहीत. पाय फळीला बांधून हलू देऊ नका. चिरू नका, चोखू नका, दोरीनं आवळू नका. कुणी आधीच आवळली असेल तर डॉक्टरसमोरच सोडवा, एकदम सोडली की अडकलेलं विष एका दमात वर चढतं. चारचाकी नसेल तर मोटारसायकलवर दोघांच्या मधे बसवून निघा, वाट बघत बसू नका.

भाऊ सहा दिवसांनी घरी आला. पायाची सूज उतरायला तीन आठवडे गेले. तेव्हापासून दर मे महिन्यात मी बियाण्याची गाडी उतरवली की आरोग्य केंद्रात जाऊन तीन गोष्टी विचारतो: कुप्या किती, रात्री डॉक्टर कोण, १०८ कुठून येते. उत्तर दुकानाच्या शटरवर चिकटवतो. यंदा कपाटात बावीस कुप्या होत्या. दोन माणसांचा पहिला डोस, वर दोन.